नकाशावरचा मारुती

माझं काम नेमकं काय होतं, हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. सून जंगल खात्यात आहे म्हणजे वाघ मोजत असेल, अशी त्यांची समजूत. सौंसरच्या बाजारात कुणी विचारलं की ठसक्यात सांगायच्या, "वाघाच्या हापिसात हाय आमची सून." प्रत्यक्षात मी आयुष्यात एकदाच वाघ पाहिला, तोही पिंजऱ्यातला, आणि तो झोपला होता.

मी मानचित्रकार होते, म्हणजे नकाशे काढणारी. नोकरीला लागले तेव्हा तिरप्या टेबलावर वाकून, ट्रेसिंगच्या कापडावर शाईच्या पेनानं, श्वास रोखून रेघ मारायची. मधेच शिंक आली की दिवस वाया. मग संगणक आले, आणि ज्या वयात बायका गुडघ्याला तेल चोळत बसतात त्या वयात मी जीआयएस शिकले. त्यात जादू काही नाही. एकाच जागेचे वेगवेगळ्या काळातले नकाशे संगणकात एकावर एक ठेवायचे आणि काय बदललं ते बघायचं. खाली इंग्रजांच्या वेळचा जंगलाचा नकाशा, वर उपग्रहानं घेतलेलं आजचं चित्र. जुन्यात साग दाखवलेला असतो, नव्यात तिथं संत्र्याच्या ओळी दिसतात. जुन्यात बैलगाडीची वाट असते, नव्यात ढाबा. सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं.

गोम अशी, की जुन्या कागदाला आपण पृथ्वीवर नेमके कुठं आहोत हे माहीत नसतं. ते त्याला सांगावं लागतं. कागदावर काढलेली आणि आजही जमिनीवर शाबूत असलेली एखादी वस्तू शोधायची, तिथं जाऊन जीपीएसनं जागा घ्यायची आणि संगणकाला म्हणायचं, बाबा रे, कागदावरचा हा ठिपका म्हणजे जमिनीवरची ही जागा. असे थोडे ठिपके टाचले की अख्खा कागद जमिनीवर बसतो. आणि एखादा ठिपका भलतीकडं टाचला, तर कागद तिकडं ओढला जातो. मग कागदावरचं जंगल कुणाच्या तरी शेतावर जाऊन बसतं. कायद्यात एकदा जंगल म्हणून लिहिलेली जमीन, तिच्यावर झाड उरलं नसलं तरी जंगलच असते. म्हणून आमच्या चुकीला फार मोठं तोंड असतं, आणि ते गिळतं दुसऱ्यालाच.

माणसंही तऱ्हेतऱ्हेची भेटली. एकजण संगणकासमोर नारळ फोडायला घेऊन आला होता. मी म्हटलं, पाणी आत गेलं तर तुझं शेत काय, सगळा तालुका जाईल. एका पुढाऱ्याचा माणूस दर आठवड्याला यायचा. त्याचं म्हणणं, "ताई, रेघ जरा जाड काढा ना." रेघ जाड निघाली की साहेबांचा प्लॉट तिच्याखाली झाकला जाणार होता. तपासणी आली की एक रेंजर हिरवा रंग गडद करून मागायचे. मी सांगायचे, हिरवा माझ्या घरचा नाही, जंगलात असेल तेवढाच मिळेल. त्यामुळं ऑफिसात माझं नाव कडू कारलं पडलं होतं. पडू दे.

पण सांगायची आहे ती एकच गोष्ट. आमचा मध्य प्रदेशातला पांढुर्णा वेगळा जिल्हा झाल्यानंतरची. जुने नकाशे नव्यानं जमिनीवर बसवायचं काम निघालं आणि ते बाहेरच्या एका कंपनीला गेलं. आमच्याकडं फक्त तपासणी आणि सही. मला निवृत्तीला थोडेच महिने उरले होते.

एका गुरुवारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. साहेब हिंदी मुलखातले, अर्धं हिंदी अर्धं मराठी बोलणारे, वयानं माझ्या मुलाएवढे. माणूस वाईट नाही, पण वरून फोन आला की त्यांना घाम फुटायचा.

"मॅडम, इस शीट में एरर झीरो आया है. आज साइन कर दीजिए. मंगल को जेसीबी जाना है."

शीट होती मोहगावच्या वरच्या अंगाच्या एका गावाची. नाव लिहीत नाही, तिथं अजून माझं जाणंयेणं आहे.

"शून्य?" मी म्हटलं. "मग नक्कीच गडबड आहे, सर."

ते हसले. त्यांना वाटलं, म्हातारी कंपनीवर जळते. जळत होतेच मी, खोटं कशाला सांगू. पण मुद्दा वेगळा होता. कंपनीनं त्या शीटला फक्त तीन ठिपके टाचले होते. तीन ठिपके दिले की संगणक नेहमीच म्हणतो, चूक शून्य. तिपाई कधी डुगडुगते का? तिचा एक पाय आखूड असला तरी ती डुगडुगत नाही, नुसती कलते. चार पायांची खुर्ची मात्र लगेच चुगली करते. म्हणून आम्ही जुनी माणसं चौथा ठिपका घेतल्याशिवाय सही करत नसू. मी साहेबांकडं मंगळवारपर्यंतचा वेळ मागितला. ते म्हणाले, मंगळवारी सकाळी जेसीबी गावात असेल, त्याच्या आत काय ते सांगा.

बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर एक माणूस बसला होता. पन्नाशीतला, खांद्यावर दुपट्टा, हातात पॉलिथिनची पिशवी.

"तुमीच का नकाशावाल्या बाई?" तो उठून उभा राहिला. "मी देवानंद गजभिये. माहीच बाग हाय ते."

कंपनीच्या नकाशात ज्या बागेवर जंगलाची पट्टी येऊन बसली होती, ती बाग याची. त्याच्या बापाला सरकारकडून जमिनीचा पट्टा मिळाला होता. बापानं तिच्यावर तूर काढली, कपाशी काढली. देवानंदनं कर्ज न काढता, दुसऱ्याच्या बागेत मजुरी करून कलमं आणली आणि संत्री लावली. यंदा पहिलाच बहार होता, फळ रंगावर येत होतं.

"बाई, जंगल म्हणून राहिले हे. जंगल असतं तं मी इहिरीचं पाणी हंड्यानं झाडायले देलं असतं काय? पोरायवानी वाढवली. मंगळवारी मशीन येऊन राहिली म्हणते. काही होईन का?"

मी कुणालाही शब्द देत नाही. "मी काही कबूल करत नाही," मी म्हटलं, "पण बघते." तो त्यावरही हात जोडून गेला, आणि मला स्वतःचाच राग आला. काहीतरी बरं बोलता आलं असतं.

आता शीटवर काय होतं ते सांगते. गावाच्या पश्चिमेला टेकडीवरचं राखीव जंगल. त्या जंगलाची एक चिंचोळी पट्टी जिभेसारखी खाली नाल्यापर्यंत उतरलेली. आणि त्या पट्टीला अगदी खेटून एक मंदिर काढलेलं. कंपनीचे तीन ठिपके म्हणजे टेकडीचा माथा, नाल्यावरचा जुना दगडी पूल आणि हे मंदिर. आज गावात मारुतीचं मंदिर आहे डांबरी रस्त्यावर, गावाच्या पूर्वेच्या तोंडाशी, आणि त्याला खेटून आहे देवानंदची बाग. म्हणजे झालं. मंदिर इथं, तर पट्टी इथं, तर बाग जंगलात. पट्टीवरची झाडं तर कधीच तुटून गेली होती, सगळीकडं शेतंच. त्यामुळं डोळ्यांनी बघून काही कळायला मार्ग नव्हता.

शुक्रवारी मी नाकेदार उईके यांना घेऊन टेकडी चढले. नाकेदार म्हणजे आमच्याकडं जंगलाच्या एका बीटचा राखणदार. जुन्या शीटवर जंगलाच्या हद्दीला मुनारे दाखवलेले असतात, म्हणजे दगड रचून केलेले खांब, प्रत्येकावर आकडा कोरलेला. त्यातला एक जरी सापडला तर माझा चौथा ठिपका मिळणार होता. पाऊस नुकताच सरलेला, कमरेएवढं गवत, कुसळं साडीतून आत टोचत होती. उईके म्हणाले, "मॅडम, साप निघेल." मी म्हटलं, निघू दे, त्यालाही विचारू मुनारा कुठंय. दुपार कलायला लागली तेव्हा घाणेरीच्या जाळीत त्यांच्या कुऱ्हाडीला दगड लागला. जाळी तोडली. शेवाळ खरवडलं. आकडा शीटवरच्या आकड्याशी जुळला आणि मी तिथंच जीपीएस ठेवून जागा घेतली.

ऑफिसात येऊन चौथा ठिपका दिला आणि खुर्ची डुगडुगली. चूक मीटरांत नाही, शेकडो मीटरांत. पण तंत्र एवढंच सांगतं की चौघांत कुणीतरी खोटं बोलतंय. कोण, ते सांगत नाही. ते आपण शोधायचं. टेकडी हलत नाही. दगडी पूल आपल्या कमानींवर उभा आहे. मुनाऱ्यावर आकडा आहे. राहिला कोण? मारुती.

शनिवारी सकाळीच मी गावात गेले. मंदिराला चकचकीत टाइल्स, समोर पार, पारावर सरपंच आणि दहापाच मंडळी. मी सरळच विचारलं, हे मंदिर आधी दुसरीकडं होतं का?

"अजी मॅडम, मारुती काय फिरता सेल्समन हाय काय?" सरपंच म्हणाले, आणि सगळे हसले. मग सरपंच गंभीर झाले. "देव पयलेपासून इथंच हाय."

पुजाऱ्याला विचारलं. "देव पयलेपासून इथंच हाय." किराणा दुकानदाराला विचारलं, पाणी भरणाऱ्या बायांना विचारलं. पयलेपासून इथंच. सगळ्यांचं उत्तर शब्दाला शब्द तेच, आणि बोलताना प्रत्येकजण मंदिराकडं न बघता जमिनीकडं बघायचा. मला खात्री पटली की हे लपवतायत. पण काहून लपवतायत, ते कळेना. देवानंदशी कुणाचं वैर म्हणावं तर तसंही दिसेना.

देवानंद बागेच्या कुंपणाशी उभा होता. त्याला विचारलं तर तो म्हणाला, "मले कसं ठाऊक राहीन बाई? आमी बौद्ध. आमच्या वस्तीतल्या कोणाचंच तिकडं जाणं नाही. त्या देवाचं मी काही घेतलं नाही, काही देलं नाही, अन् त्याच्याच पायी माही झाडं जाऊन राहिली."

ऊन चढलं होतं. मी जुन्या वस्तीतल्या एका कडुनिंबाखाली टेकले. समोरच्या घरातून एक म्हातारी डोकावली. "कोठची बाई हायेस वं? उन्हात काहून बसली? ये, चहा घे."

ही कौतिका आजी. ऐंशीच्या पुढची, पाठीत वाकलेली, पण आवाज खणखणीत. मुलगा नागपूरला कंपनीत, सून तिकडंच. मागची शेती आजी एकटीच मजूर लावून करायची. मी माझं काम सांगितलं. नकाशा म्हटल्यावर तिनं डोळे बारीक केले. चहा झाल्यावर तिनं कोनाड्यातली तेलाची वाटी उचलली. "बस तू. शनिवार हाय, देवाले तेल घालून येतो."

मी म्हटलं, चला, मीही येते. आणि आजी मंदिराकडं न जाता उलट्या दिशेला, पश्चिमेला, आपल्या शेतात शिरली.

शेताच्या बांधाजवळ, विहिरीच्या पलीकडं, बाभळीखाली एक दगडी ओटा होता. वर मूर्ती नाही, छप्पर नाही. नुसता चौकोनी ओटा, आणि मधल्या दगडावर वर्षानुवर्षांच्या तेलाचा काळा थर, कडांना शेंदराचे कण. आजीनं तेल घातलं, हात जोडले.

"आजी, इथं होता का मारुती?"

"असं नाही म्हणत बाई."

"मग कसं म्हणतात?"

तिनं इकडंतिकडं पाहिलं. आणि मग ओट्याच्या कडेला बसून सांगितलं. गावात शिरायची जुनी बैलगाडीची वाट इकडून होती. गावात येणाऱ्याला पहिला मारुती दिसला पाहिजे, म्हणून तो इकडं. मग डांबरी सडक झाली तिकडं, गाव सडकेकडं सरकलं, आणि मारुतीकडं गावाची पाठ झाली. तेव्हा गावानं ठरवलं आणि एका पहाटे, तांबडं फुटायच्या आत, देव बंडीत, म्हणजे बैलगाडीत, बसवून तिकडं नेला. वाजंत्री नाही, गुलाल नाही. सगळ्यांनी दारं लावून आत बसायचं. आणि उजाडल्यावर बाहेर येऊन म्हणायचं, देव पयलेपासून इथंच हाय. देवाला उठवलं हे तोंडातून काढलं की देव पुन्हा उठून जातो, मग गावाला राखणारं कुणी नाही. पोराबाळांना सांगायचं नाही, पाहुण्यांना सांगायचं नाही. जाणारे गेले, उरलेल्यांतल्या बहुतेकांना एवढंच ठाऊक की देवाच्या जागेबद्दल जास्त बोलायचं नाही.

"मी नवी नवरी होतो. खिडकीच्या फटीतून पाह्यलं," आजी म्हणाली. "सासू मंग रोज इथं तेल घाले. म्हणे, मूर्त नेली त्यायनं, जागा थोडीच नेता येते."

मी जीपीएस काढला, ओट्यावर ठेवला, जागा घेतली. आजीनं विचारलं, काय करून राहिली? मी म्हटलं, देवाची जागा लिहून घेते. तिला बरं वाटलं.

रविवारी ऑफिस बंद. किल्ली मागून घेतली आणि एकटी बसले. मंदिराचा ठिपका काढून ओट्याचा दिला. खुर्ची चारही पायांवर बसली. चूक इतकी थोडी, की मी उठून उभी राहिले. कागद पश्चिमेला सरकला, त्याच्यासोबत पट्टी सरकली, आणि देवानंदची बाग अख्खीच्या अख्खी मोकळी झाली. मी मोठ्यानं म्हटलं, "झालं रे बाबा!" रिकाम्या खोलीत.

आणि मग पाहिलं की सरकलेली पट्टी कुठं बसली ते. कागदावर मंदिर आणि पट्टी खेटून होते ना? ओटा आजीच्या शेतात. पट्टी आजीच्या शेतावर.

मला हे आधी सुचायला हवं होतं, पण बाग सोडवायच्या नादात मी एकाच बाजूला बघत होते. म्हातारीचा चहा पिऊन तिच्याच तोंडून तिच्या शेताची हद्द काढून आणली होती मी.

सोमवारी साहेबांना दाखवलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, हे कबूल करायला हवं. मग म्हणाले, "मॅडम, ओटा तो कहीं भी हो सकता है. पंचनामा चाहिए. गावातली दोन माणसं मंदिर हललं म्हणून सांगतील तर मी जेसीबी थांबवतो. नाहीतर कंपनीची शीट." त्यांचं चुकलं नव्हतं. तेलकट दगडाच्या जोरावर कुणी हुकूम फिरवत नाही.

दुपारी मी पुन्हा गावाकडं निघाले. फाट्यावर देवानंद वाट बघत होता. मी त्याला सगळं सांगितलं, पट्टी कुठं गेली तेही. त्याचा चेहरा आधी उजळला आणि मग पडला.

"आजी उद्या सांगन ना?"

"सांगेल की नाही ठाऊक नाही. पण तिचं शेत जातंय हे तिला आधी सांगावं लागेल."

तो दुपट्ट्याचं टोक पिळायला लागला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "उद्या पंचनामा झाल्यावर सांगा ना बाई. एक दिवस. एकच दिवस नका सांगू तिले."

मला संताप आला. आणि खरं सांगते, संताप अशासाठी आला, की सबंध रस्ताभर मीही तोच विचार करत आले होते. न सांगता भागत होतं. म्हातारीनं अंगठा दिला असता, बाग वाचली असती, नंतरचं नंतर.

"हे माझ्यानं होणार नाही," मी म्हटलं. "तुझ्या झाडांवर चोरून मशीन आणली असती तर तुला कसं वाटलं असतं?"

तो वाटेतून बाजूला झाला.

आजी अंगणात तूर पाखडत होती. मी खाली बसले आणि सांगितलं. जंगलाची पट्टी कुठली, ओट्यामुळं ती कशी कळली, तिचं अर्धं शेत आणि विहीर कशी आत येते, सगळं. तुम्ही बोलला नाहीत तर गजभियेंची बाग उद्या तुटेल आणि तुमच्या शेताला कुणी हात लावणार नाही, हेही सांगितलं. काहीच झाकलं नाही.

आजीनं सूप खाली ठेवलं. "चहा पाजला तुले," ती म्हणाली. "देव दाखवला. अन् तू मोजून राहिली होती?"

"आजी, मला तेव्हा..."

"उठ. उठ इथून."

तिनं दार लावून घेतलं. कडी घातल्याचा आवाज आला. मी बसस्टँडपर्यंत पायी गेले आणि सौंसरची बस येईपर्यंत रडले. वयाच्या साठीला, चारचौघांत. एका बाईनं विचारलं, कोणी गेलं काय? मी म्हटलं, नाही, डोळ्यात कुसळ गेलं.

मंगळवारी सकाळी मंदिरासमोर सगळे जमले. जेसीबी रस्त्याच्या कडेला उभा, ड्रायव्हर मोबाइल बघत. बागेतली फळं हिरवी-पिवळी, ओझ्यानं वाकलेली. देवानंदची बायको कुंपणाचा खांब धरून उभी होती, तिनं तो शेवटपर्यंत सोडला नाही. साहेबांनी पंचनामा सुरू केला. मी माझा नकाशा उघडला, चार ठिपके समजावले. लोक ऐकत होते, जमिनीकडं बघत. साहेबांनी विचारलं, हे मंदिर पूर्वी दुसरीकडं होतं का?

"देव पयलेपासून इथंच हाय," सरपंच म्हणाले.

"और कोई?"

कुणी हललं नाही. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं, खांदे उडवले आणि ड्रायव्हरला हातानं खूण केली. इंजिन सुरू झालं. त्या आवाजात पहिल्यांदा कळलंच नाही की कुणी ओरडतंय.

"बंद कर रे ते!"

कौतिका आजी काठी टेकत येत होती. गर्दी बाजूला झाली. ती कुणाकडं न बघता सरळ मंदिराच्या पायरीशी गेली, मारुतीकडं तोंड करून उभी राहिली आणि मग वळली.

"मारुतीले खोटा साक्षीदार काहून करून राहिले रे तुमी? त्याच्या नावावर कोणाची झाडं तोडता?"

"आजी, तोंड सांभाळ," सरपंच दबक्या आवाजात म्हणाले. "देव कोपन."

"कोपू दे. माह्यावर कोपन, तुह्यावर नाही." आजी साहेबांकडं वळली. "लिवा साहेब. देव तिकडं होता, माह्या वावरात. बंडीत बसवून इकडं आणला. मी पाह्यलं. अन् ज्या वावरात होता, ते वावर बी जंगलाचं निघते म्हणते ही बाई. ते बी लिवा."

मग मागून एक म्हातारबुवा पुढं आले, टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले, "बंडी आमची होती. बाप हाकत होता माहा." दुसरा पंच मिळाला. साहेबांनी ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगितलं. आजीनं अंगठा दिला. देवानंद येऊन तिच्या पायांशी वाकायला लागला तशी तिनं काठी आडवी धरली.

"पाया नको पडू. तुह्यासाठी नाही बोललो मी."

माझ्याकडं तिनं पाहिलंही नाही.

शुक्रवारी आजीच्या शेतात नवे मुनारे गाडायचे होते आणि जागा दाखवायला मलाच जावं लागलं. जीपीएसची थोडीफार चूक असतेच. ती चूक आजीच्या बाजूनं धरता येईल का, म्हणून मी तीनतीनदा मोजलं. विहीर सगळ्या बाजूंनी आतच येत होती. मजूर खड्डा खणत असताना आजी बांधावर बसून होती.

"इहीर कोनाकडं गेली?" तिनं विचारलं. त्या दिवसानंतर ती माझ्याशी पहिल्यांदा बोलत होती.

"जंगलात."

"पानी बी?"

"पाणी बी, आजी."

ती मान हलवून उठली आणि घराकडं गेली. तिचा वनाधिकाराचा दावा, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जंगलजमिनीवर हक्क मागायचा अर्ज, मी स्वतः लिहून दिला, नकाशे जोडून दिले, पंचनाम्याची नक्कल लावली. तो अजून चालू आहे. तारखा पडतात. निकाल होईपर्यंत पट्टीत नांगर चालवायचा नाही, विहिरीवर मोटर लावायची नाही, पट्टीतून काही न्यायचं नाही असा हुकूम आहे. पट्टीच्या पलीकडं आजीचं उरलेलं अर्धं शेत पाण्यावाचून राहिलं. आणि हे सगळं बरोबर होतं, नियमाला धरून होतं, आणि त्याच्यावर माझी सही होती. मला त्या सहीचा अभिमान आहे. आणि ती आठवली की जेवण जात नाही, हेही तितकंच खरं आहे.

थंडीत एकदा मी मुद्दाम वाट वाकडी करून तिकडं गेले. लांबूनच आजीच्या उरलेल्या तुकड्यात हरभरा हिरवागार दिसला. मला नवल वाटलं. जवळ गेले तेव्हा कळलं. देवानंदच्या विहिरीवरून एक काळा पाइप निघाला होता, गवतातून, माझ्या मुनाऱ्यांच्या मधून, पट्टी आडवी ओलांडून आजीच्या सरीत पाणी सोडत होता. देवानंद कुठं दिसला नाही. आजी बांधावर बसून पाण्याकडं बघत होती. तिनं मला पाहिलं आणि पुन्हा पाण्याकडं बघायला लागली. मी तशीच परत फिरले.

निवृत्तीच्या आधीच्या आठवड्यात साहेबांनी नवं उपग्रहाचं चित्र दिलं. "मॅडम, या पट्टीत जे काही आहे ते सगळं नकाशात घ्या. एक दगडसुद्धा सोडू नका." मी बसले. मुनारे घेतले, ओटा घेतला, बाभूळ घेतली, विहीर घेतली. उपग्रहाच्या चित्रात दोन इंची पाइप दिसत नाही. मला मात्र तो कुठून निघतो, कुठं वळतो आणि पट्टी कुठं ओलांडतो, हे डोळे मिटून काढता आलं असतं.

मी तो काढला नाही. सही केली आणि शीट साहेबांच्या टेबलावर ठेवून आले.